वटारातील एक निर्हेतुक गृहस्थ

महानगराच्या प्रख्यात स्थळांवर गर्दी करण्यापेक्षा त्याच्या अप्रसिद्ध वस्त्यांचे विनयपूर्वक दर्शन घेणे अधिक सुसंस्कृतपणाचे, असा सिद्धान्त मनाशी कायम करून मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी विरार गाडीत बसलो. 'बसलो' हा अर्थात वाक्प्रचार. नालासोपाऱ्यास उतरण्याची तसदी प्रवाशाला घ्यावी लागत नाही. ते कार्य मागील समुदाय निष्कामबुद्धीने पार पाडतो. हेच ते प्राचीन शूर्पारक, जेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून काढला. मला मात्र प्रथमदर्शनी रिक्षांचेच अवशेष दिसले.

पश्चिमेकडे इमारती विरळ होऊन वाड्या लागतात आणि त्या वाड्यांत वटार आहे. नारळ, केळी, सोनचाफा, आणि मध्ये पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारे बावखल. समुद्र इतका निकट असूनही झाडांना गोडे पाणी मिळावे, ही पूर्वजांची तजवीज पाहून मी सद्गदित झालो, आणि तत्क्षणी माझ्या चारित्र्याविषयी संशय उत्पन्न झाला. कारण ज्या तालुक्यात हिरवळ आणि पाणी वाचविण्यासाठी शेजारच्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्या साहित्यिक धर्मगुरूला आंदोलनात उतरावे लागले, तेथे परीटघडीच्या कपड्यांतला परका इसम जमिनीकडे प्रेमाने पाहतो, याचा उलगडा एकाच रीतीने होऊ शकतो.

"मोजणीचे का?" कुंपणाआडून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले.

"नाही काका, नुसता पाहायला आलो."

"आधी नुसतंच पाहतात सगळे."

मग घरातल्या मंडळींशी त्यांचा सामवेदी बोलीत खल झाला. त्यातला 'बिल्डर' एवढाच शब्द मला उमगला. सौजन्याची शिकस्त करीत मी म्हणालो, "ही वाडी अनमोल आहे हो!"

"म्हणजे भाव सांगायचा नाही," काकांनी निष्कर्ष काढला.

सातबारा, फेरफार, कुळकायदा यांपैकी कशातही मला गती नाही, हे उलटतपासणीत सिद्ध झाल्यावर त्यांनी अखेरचा सवाल टाकला. "तुमची स्वतःची जागा किती?"

"चारशे चौरस फूट."

"गुंठ्यात सांगा."

"अर्ध्या गुंठ्याहून कमीच. तीही तिसऱ्या मजल्यावर."

काकांचा चेहरा एकदम कोवळा झाला. निर्मळच्या यात्रेत मिळतात तशी राजेळी केळ्यांची सुकेळी घरात होती. नातलगाचे दिवाळे निघाल्याची वार्ता द्यावी, अशा खालच्या पट्टीत त्यांनी आत हाक दिली:

"अगो, सुकेळी आण. बिचाऱ्याला खाली जमीनच नाही."