इंजिनाचं सोवळं

डिझेलची फोर बाय फोर दारात आली की मालकाला दोन साक्षात्कार होतात. पहिला असा की आपला जन्म ताम्हिणीच्या चिखलासाठी झाला आहे. दुसरा असा की कंपनीने आपल्या गाडीचा गळा आवळून ठेवला आहे. पहिला साक्षात्कार पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी होतो आणि सोमवारी वॉशिंग सेंटरवर धुऊन निघतो. दुसरा मात्र माणसाला स्वस्थ बसू देत नाही. गळा आवळणाऱ्याचं नाव ईजीआर व्हॉल्व्ह. त्याचा निकाल लावणारे उस्ताद आता गावोगावी आहेत आणि त्यांची फिर्याद दोन वाक्यांत संपते.

"साहेब, सायलेन्सरकडे निघालेलं उष्टं वळवून इंजिनाला परत खायला घालतात. तुम्ही खाल का?"

साहेब शहारतात. आयटीत मोठा हुद्दा, दोन-तीन परदेशवाऱ्या, सोवळं-ओवळं आमच्या आजीबरोबर गेलं असं चारचौघांत सांगणारा माणूस. पण उष्ट्याचं नाव निघालं की आतली आजी पदर खोचून उभी राहते. आपल्या वीस लाखांच्या गाडीच्या तोंडी उष्टं? मारा पत्रा!

आता या उष्ट्याची खरी कुळकथा. हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि एरवी दोघं आपापल्या जागी सुखाने असतात. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जळताना तापमान दीड हजार अंशांच्या वर चढलं की मात्र त्यांची संयुगं होऊ लागतात. ती नायट्रोजनची ऑक्साइडं. फुप्फुसांना त्रास देणारी, दमेकऱ्याला धाप लावणारी आणि उन्हात इतर वायूंशी जमलं की जमिनीलगत ओझोन तयार करणारी. यावर उपाय असा निघाला की, जळून गेलेल्या वायूतला थोडा, कूलरमधून थंड करून, ताज्या हवेबरोबर परत आत सोडायचा. हेच ते ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. त्यात ऑक्सिजन कमी असल्याने आग जरा मंदावते, तापमान उतरतं, ऑक्साइडं घटतात. अमेरिकेतल्या गाड्यांत ही युक्ती 1970 च्या दशकापासून आहे. म्हणजे साहेबांच्या जन्माआधीपासून इंजिनं उष्टं खात आली आहेत आणि धडधाकट आहेत.

उस्तादाचा पुरावा मात्र खोटा नाही, हे कबूल केलं पाहिजे. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर शहरात फिरलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह तो साहेबांसमोर खोलतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आतलं खरवडून वर्तमानपत्राच्या कागदावर काढतो. इंजिनातली काजळी आणि क्रँककेसमधून आलेली तेलाची वाफ, दोन्ही एकत्र जमून झालेला तो काळाकुट्ट, चकाकता लगदा. बोटाला लागला तर तीनदा साबण लावूनही नखाखाली राहतो. बघता बघता तेल कागदात उतरतं, अग्रलेखाच्या आरपार जातं आणि मागच्या पानावरच्या प्लॉटच्या जाहिरातीवर उमटतं. व्हॉल्व्हची झडप अर्ध्यावर अडकलेली असते, मॅनिफोल्डचं तोंड निम्मं बुजलेलं असतं. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

पण हा लगदा साठला कसा, हे कुणी विचारत नाही. ईजीआर उघडतो तो मुख्यतः इंजिनावर बोजा कमी असताना. आणि साहेबांच्या गाडीवर बोजा असतो कधी? दोन टनांचं धूड, लो रेंजचा गिअर, नदी पार करायची ऐट, आणि रोजचा प्रवास हिंजवडीच्या रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन पुरतं तापायच्या आत ऑफिस येतं. अशा गाडीला महिन्यातून दोनदा हायवेवर मोकळं पळवणं आणि व्हॉल्व्ह वेळोवेळी खोलून साफ करणं, एवढाच खरा उतारा. पण तो फार साधा. आपल्याकडे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला दिल्याशिवाय रोग्याला बरं वाटत नाही.

तर पत्रा. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, गॅस्केटच्या मापाने कापलेला, बोल्टपुरती भोकं पाडलेला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी तो सरकवला, बोल्ट आवळले की इंजिन सोवळ्यात. काही जण पत्र्याच्या मधोमध एक बारीक भोक ठेवतात. नैवेद्यापुरता विटाळ चालतो, असा त्यामागे विचार असावा. खरं कारण ईसीयूची समजूत काढणं हे आहे. कारण गाडीच्या त्या कॉम्प्युटरला अपेक्षेपेक्षा जास्त हवा आत येताना दिसते आणि तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून पी 0401 नावाची तक्रार नोंदवतो. मग लॅपटॉपवाला बोलावला जातो. तो व्हॉल्व्हला हात लावत नाही, पत्र्यालाही नाही. तक्रार नोंदवायची सोयच तो सॉफ्टवेअरमधून काढून टाकतो. तक्रार निवारणाची ही पद्धत आपल्या कार्यालयांना नवी नाही, गाड्यांत उशिरा आली एवढंच.

त्यानंतरची टेस्ट ड्राइव्ह हा भक्तीचा विषय आहे. चढावर साहेब पाय पूर्ण दाबतात आणि ओरडतात, "काय पिकअप आहे, उस्ताद! गाडी मोकळी झाली!" उस्ताद नम्रपणे खिडकीबाहेर बघतो. पाय पूर्ण दाबला की ईसीयू ईजीआर स्वतःच बंद करतो, हे त्याला माहीत असतं. ज्या चढावर साहेबांना ताकद हवी, त्या चढावर पत्रा नसतानाही व्हॉल्व्ह मिटलेलाच होता. अर्ध्या पायावर थोडी चपळाई जाणवते, नाही असं नाही. बाकीचा पिकअप बिलाच्या रकमेतून येतो.

पण खरी मौज पीयूसी केंद्रावर. डिझेल गाडीच्या तपासणीत नळी सायलेन्सरमध्ये घालतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धूर किती दाट आहे ते यंत्र मोजतं. फक्त धूर. नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे कुणी मोजत नाही. आणि इंजिनाचा स्वभाव असा की, ईजीआर बंद केला की काजळी घटते आणि ऑक्साइडं वाढतात. म्हणजे पत्रा मारलेली गाडी पीयूसीत आधीपेक्षा चांगली पास होऊ शकते! साहेब ते प्रमाणपत्र उस्तादाला दाखवतात, उस्ताद पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. सायलेन्सरमधून निघणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो. जे काळं दिसतं तेवढंच प्रदूषण अशी सरकारचीही समजूत असल्यावर साहेबांना काय बोल लावायचा?

सोवळ्याचं मर्मच हे आहे. पाळणारा शुद्ध राहतो आणि विटाळ शेजाऱ्याच्या ओट्यावर जातो. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी दहा मिनिटं 'गरम' होत असते, तेव्हा शेजारी स्कूलबसची वाट बघणाऱ्या मुलांची नाकं बरोबर सायलेन्सरच्या पातळीवर असतात. पुढे रस्त्यावर एखादा जुना टेम्पो काळा धूर सोडताना दिसला की साहेब हळहळतात, काचा वर घेतात आणि एसीचं रिसर्क्युलेशनचं बटण दाबतात. मग स्वतःच्या नाकातोंडातून निघालेली हवा स्वतःच पुन्हा आत घेत पर्यावरणावर बोलू लागतात. स्वतःची उष्टी हवा साहेबांना चालते. इंजिनाला चालत नाही.

फोक्सवॅगन कंपनीची आठवण इथे होणारच. 2015 साली अमेरिकेत उघडकीला आलं की, तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखायचं, तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं आणि रस्त्यावर आलं की ऑक्साइडं मोकळी सोडायचं. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. आपल्याकडे चाचण्या केल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने. कंपनीने 3 लाख 23 हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटींचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. तेव्हा आपल्या गाडीवेड्यांच्या गटागटांत केवढा संताप होता! जर्मन असून लबाडी! त्या बिचाऱ्यांनी निदान लपून केलं. आमचे साहेब तेच काम रोख पैसे मोजून, चहा पीत, शेजारी उभं राहून करवून घेतात आणि वर मागच्या काचेवर सह्याद्री वाचवण्याचं स्टिकर लावतात.

आणि पैसे एकदाच मोजतात असंही नाही. बीएस 4 या प्रदूषण-निकषाच्या डिझेल कारला किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडं सोडायची मुभा होती. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 मध्ये ती 80 मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी गाडीत नवी यंत्रणा आली आणि डिझेल गाड्यांच्या किमती वाढल्या. साहेबांनी ती यंत्रणा कर्ज काढून विकत घेतली, आता ती बंद करायला वेगळे पैसे देतात. फुकट सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी पत्रा काढायचा, वॉरंटीचा शिक्का घ्यायचा आणि घरी येऊन परत बसवायचा, याची मजुरी आणखी निराळी.

कायदा आहे का? आहे की. नंबरप्लेटवर 'दादा' लिहिलं तर हवालदार चौकात अडवतो, काचेला काळी फिल्म असली तरी अडवतो. बॉनेट मात्र कुणी उघडायला सांगत नाही. खाजगी गाडीला तर नोंदणीनंतर 15 वर्षं फिटनेससाठी आरटीओचं तोंडही बघावं लागत नाही. तोवर व्हॉल्व्हला पत्रा आहे की पितळी तबक, कोण बघतो?

तरीही ज्यांना वाचायची आवड आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ प्रमाणे गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दंड गाडीमागे नाही, प्रत्येक बदलामागे आहे. पत्रा हा एक बदल. सॉफ्टवेअर दुसरा. ईजीआरपाठोपाठ डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, कापून पोकळ केला असेल तर तिसरा. शिवाय कलम 190 खाली हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र, हे वेगळं. या सगळ्यापेक्षा व्हॉल्व्ह खोलून, स्प्रे मारून, ब्रशने धुऊन परत बसवणं पुष्कळ स्वस्त पडतं. तुमच्या उस्तादाला तेही येतं. एकदा सांगून तर बघा.