घरपोच काच बसविणाऱ्या हुजुरांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. व्यवस्थापकसाहेब, मोटारीच्या काचा घरपोच बसवून देणारी सेवा, यांचे सेवेशी,



महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून निवृत्त झालेल्या, आणि लोकांस ताटकळत ठेवण्याच्या विद्येत आपण बऱ्यापैकी पारंगत आहोत असा समज आजवर उराशी बाळगून असलेल्या माझ्यासारख्या मनुष्याचा गर्व आपण अवघ्या तेवीस दिवसांत हरण केलात, त्याबद्दल आपले आभार मानावेत म्हणून हा पत्रप्रपंच. आमच्या काळी एखाद्या खातेदारास फेरफाराच्या नकलेसाठी चार खेपा घालावयास लावल्या, तर त्याला निदान कचेरीच्या आवारातील वडाची सावली, समोरच्या टपरीवरचा चहा आणि आपल्यासारख्याच गांजलेल्या दहा जणांची संगत तरी लाभत असे. आपण मात्र अर्जदाराला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीवर बसवून खेपा घालावयास लावता. ही सुधारणा आमच्या खात्याला कधी सुचली नाही.

प्रकरणाची हकीकत अशी. मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकीचा घाट चढत असता पुढल्या डंपरातून उडालेला एक खडा आमच्या गाडीच्या दर्शनी काचेवर आदळला आणि रुपयाच्या नाण्याहूनही लहान असा एक टवका उडाला. असला लहान टवका वेळीच राळ भरून बुजविता येतो, हे मला ठाऊक होते. म्हणून त्याच संध्याकाळी मी आपल्याकडे दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडच्या मधुर वाणीने सांगितले की आम्ही दुरुस्ती करीत नाही, आम्ही फक्त बदलतो. हे तत्त्वज्ञान ऐकून मी स्तब्ध झालो. पुढे दोन दिवसांनी, उन्हात तापून निघालेल्या त्या काचेवर आतून वातानुकूलनाचा गार झोत सोडण्याची चूक माझ्या हातून घडली, आणि टवक्यातून निघालेली रेघ, भाऊबंदांतला बांधाचा वाद वाढावा तशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत वाढत गेली. तेव्हा आपल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आपण विम्याविषयी विचारलेत. विमा होता; परंतु पाच वर्षे एकही दावा न केल्यामुळे हप्त्यातली सवलत 50 टक्क्यांवर पोहोचली होती, आणि एका काचेपायी दावा लावला असता ती शून्यावर येऊन पुन्हा 20 टक्क्यांपासून पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. हा जमाखर्च मी एका रात्री कागदावर मांडला, सौभाग्यवतींना वाचून दाखविला, आणि रोखीने व्यवहार करण्याचे ठरविले. पैसे आपण आगाऊ घेतलेत. तेवढे एक काम मात्र मुदतीच्या आत, किंबहुना क्षणार्धात पार पडले.

पहिल्या दिवशी आपला मनुष्य सकाळी दहा ते सायंकाळी सहा या अवधीत केव्हाही येणार होता. या 'केव्हाही'ची महती मला तोवर कळली नव्हती. आठ तास मी स्नानगृहात गेलो तरी दार किलकिले ठेवून गेलो. सव्वासहास संदेश आला की आपण घरी न सापडल्याने भेट रद्द करण्यात आली आहे. दुसऱ्या खेपेस मनुष्य आला, परंतु त्याने आणलेली काच पाठीमागची होती. तिसऱ्या खेपेस काच पुढचीच होती, गाडीही हीच होती. मात्र आमच्या मुलीच्या आग्रहास्तव आम्ही घेतलेल्या प्रकारात आरशाच्या मागे एक कॅमेरा आणि पावसाची चाहूल घेणारे एक यंत्र असते, त्यांना बसावयास त्या काचेवर जागाच नव्हती. 'काका, कॅमेरा नसला तरी गाडी चालते,' असे त्या मुलाने सुचविले. चालते खरी. माणूसही एका डोळ्याने चालतो.

आता थोडे त्या काचेविषयी, कारण आपल्या दप्तरात तिची नोंद 'किरकोळ माल' या सदरात असावी असा मला दाट संशय आहे. मोटारीची दर्शनी काच ही एक नसून दोन काचा असतात, आणि त्या दोहोंमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा दाबून बसविलेला असतो, ज्याच्या योगे काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्यास धरून राहतात व आत बसलेल्यांच्या तोंडावर येत नाहीत. या विद्येचे मूळ फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस या रसायनज्ञापाशी जाते. 1903 साली त्याच्या प्रयोगशाळेत उंचावरून पडलेला एक काचेचा चंबू तडकला परंतु विखुरला नाही, असे सांगतात. कारण त्यात कधीकाळी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण सावकाश सुकून आतल्या अंगास त्याचा थर धरला होता. 1909 साली त्याने या काचेचे एकस्व घेतले. त्या द्रावणाला सुकण्याची घाई कोणी केली नव्हती, हे मी आपल्या विशेष नजरेस आणू इच्छितो.

आमच्या जुन्या फियाटला काच रबराच्या पट्टीत बसत असे. पट्टीच्या खाचेत सुतळी ओवावयाची, साबणाचे पाणी लावावयाचे, मग एकाने आत बसून सुतळी हळूहळू ओढावयाची आणि दुसऱ्याने बाहेरून तळव्याने काचेला, बाळाला थोपटावे तसे, थोपटीत राहावयाचे, की रबराचा ओठ पत्र्यावर आपसूक उलटत येई आणि काच बसल्याचा एक मऊ आवाज होई. तो आवाज ऐकण्यासाठी आळीतली मुले गोळा होत. हल्लीच्या गाडीत ते रबर गेले आणि काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने थेट पत्र्याला चिकटविली जाऊ लागली, त्यासरशी ती नुसते तावदान न राहता गाडीच्या सांगाड्याचा एक अवयव झाली. गाडी उलटली तर टप सावरण्यात तिचा वाटा असतो. डावीकडच्या आसनासमोरची हवेची पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते, तेव्हा पुष्कळ गाड्यांत ती याच काचेचा आधार घेऊन बसणाऱ्याकडे वळते. काच कच्ची असली तर ती काचेसकट बाहेर. आमच्या गाडीत डाव्या आसनावर सौभाग्यवती बसतात. हा गोंद हवेतल्या बाष्पाने पक्का होत जातो, आणि तो लावल्यावर गाडी किती वेळ जागची हलवू नये याची मुदत गोंद बनविणाऱ्याने लेखी ठरवून दिलेली असते. गोंदाची जात आणि हवामान यांप्रमाणे ती कोठे एक तास, कोठे कित्येक तास.

नवव्या दिवशी योग्य काच आली. मृगाचा पाऊस त्याच सकाळी लागला होता आणि आमच्या सोसायटीचा वाहनतळ उघडा आहे. अशा वेळी काम तहकूब ठेवावे, असे मीच, तगादा लावणाराच, सुचविले. परंतु त्या मुलाला सायंकाळपर्यंत आणखी तीन काचा बसवावयाच्या होत्या आणि त्याला मेहनताना दर काचेमागे मिळतो, दर तासामागे नव्हे. मग एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सोसायटीचे सचिव, असे आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक छत्र्या धरून उभे राहिलो, आणि लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांच्या मुद्रेवर जे गांभीर्य असते ते आमच्याही मुद्रेवर आले. मुलाने तारेने जुना गोंद कापला, त्यात चौकटीचा रंग पत्र्यापर्यंत खरवडला गेला. त्या ओरखड्यावर जे अस्तर लावावयाचे त्याची बाटली गाडीत नव्हती. ओली कड त्याने खिशातल्या रुमालाने पुसली. गोंदाची अखंड धार धरावयाची, ती मध्येच नळकांडे संपल्याने तुटली आणि दुसरे नळकांडे उघडून पुढे चालू झाली. काच बसविल्यावर दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, 'सोडा गाडी बिनधास्त, काका, काय नाय होत.' आणि पोहे अर्धे टाकून पुढल्या काचेकडे धावला. त्याच्याविषयी माझी काही फिर्याद नाही. मला नऊ दिवस तिष्ठत ठेवण्याइतका वेळ ज्या संस्थेपाशी होता, तिच्यापाशी गोंदाला देण्यासाठी एक तास शिल्लक नव्हता. ती मुदत त्या पोराच्या खिशातून कापली जाते हे हुजुरांस ठाऊक असेलच.

पुढचे संक्षेपाने सांगतो. ताशी साठच्या पुढे गेले की काचेच्या उजव्या कोपऱ्यातून एक शीळ निघू लागली. चौथ्या दिवशी खेड-शिवापूरच्या नाक्यावर उमगले की फास्टॅगची पट्टी जुन्या काचेला चिकटलेली होती व तिच्यासह ती आपल्या भंगारात गेली. मागे लांबलेल्या रांगेच्या साक्षीने मी दुप्पट पथकर रोख भरला. कॅमेरा बसविला होता, परंतु नव्या काचेतून त्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते ती कोणी जुळविली नव्हती, सबब मी आपल्या पट्ट्यातून सरळ चाललेलो असता गाडी मी पट्टा सोडल्याची बोंब ठोकू लागली. 'अहो, माझा पाय भिजला,' असे सौ. म्हणाल्या तेव्हा डोक्यावर टप शाबूत होते आणि सर्व खिडक्या बंद होत्या.

तक्रार केली. तिला क्रमांक मिळाला, आणि चोवीस तासांत 'निकाली' असा शेराही मिळाला. मी पुन्हा केली, पुन्हा निकाली. असे चार वेळा झाले. स्थळपाहणी नाही, जबाब नाही, पंचनामा नाही, आणि प्रकरण निकाली! आमच्या एका जुन्या साहेबांना वर्षअखेरीस शिल्लक प्रकरणांचा गोषवारा पाठविताना घाम फुटत असे. त्यांना ही रीत आयुष्याच्या उत्तरार्धात तरी कोणी दाखवावयास हवी होती.

शेवटी नाना पेठेतल्या एका वृद्ध कारागिराकडे गाडी नेली. त्याने आतून बोट फिरवून, जेथे नळकांडे बदलले गेले होते ती वितभर फट मला न विचारताच दाखविली. ओरखड्यांवर तांबेरा धरू लागला होता तोही दाखविला. काच उतरवून, गंज घासून, अस्तर लावून व ते सुकू देऊन त्याने ती पुन्हा बसविली, वरून कागदी पट्ट्या चिकटविल्या, आणि गाडीची किल्ली मला न देता आपल्या गल्ल्यात टाकली. 'उद्या सकाळी या.' खिडकीची एक काच त्याने दोन बोटे उघडी ठेवली होती. कारण विचारता म्हणाला, कोणी दार आपटले तर आतली हवा दबून ओल्या गोंदाला धक्का देते, तिला वाट असावी. कॅमेऱ्याची नजर तेवढी त्याच्या आवाक्याबाहेरची, म्हणून ती पुढे गाडीच्या अधिकृत कार्यशाळेत पैसे भरून जुळवून घेतली. दोन्ही खर्चांचा तपशील सोबत जोडला आहे. हुजुरांनी अवलोकन करावे.

आता एक कामाची बाब. आपला मुलगा घाईत काच उचलण्याचे दोन काळे सक्शन कप आमच्या वाहनतळात विसरून गेला, ते मी धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून सुरक्षित ठेवले आहेत. ते नेण्यासाठी आपला जबाबदार मनुष्य, ओळखपत्र व लेखी पोहोच यांसह, पाठवावा. नेमका दिवस आज सांगता येणार नाही. आदल्या रात्री संदेश येईल. त्या दिवशी सकाळी दहा ते सायंकाळी सहा या अवधीत मी केव्हाही घरी असेन. आपला मनुष्य दारात येईल तेव्हा मी नसलो, तर तो आलाच नाही असे समजून भेट रद्द करण्यात येईल. आणि पहिल्या खेपेस मी चुकून आमच्या घरचे पोळपाट-लाटणे गुंडाळून दिले, तर ते बदलून घेण्यासाठी नवा क्रमांक घ्यावा लागेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक निकाली निघालेला अर्जदार