सासूबाईंचा घोडा

अहो वहिनी, चहा ठेवलाय वाटतं? वास आला. नको, नको, माझा झाला आत्ताच. पण चहावरनंच आठवलं, या जरा इकडे जास्वंदीपाशी. मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही.

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यापासनं मूळपुरुष शोधायला घेतलेत. या घरात आले तेव्हापासनं ऐकतेय, मूळपुरुष सरदार, पानिपतावर लढलेले. सासूबाई तर घोड्याचा रंगसुद्धा सांगायच्या! तर हे गेले त्र्यंबकेश्वरला. उपाध्यायांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, वहीचं बासन सोडलं आणि बोट ठेवलं. शके १६९५. मूळपुरुष आईला घेऊन वडिलांच्या श्राद्धाला आलेले. वस्ती ठाणे किल्ला. हुद्दा? कोठारावर कारकून!

हसू नका हो. दोन दिवस जेवताना चकार शब्द नव्हता ह्यांचा.

मग लागले हिशेबाला. शकात ७८ मिळवले की १७७३. त्याच भाद्रपदात, ऐन गणपतीत, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, ते आपल्याला शाळेपासनं पाठ. पण त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत, बॉस्टनच्या बंदरात, लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात ओतल्या. चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा! आणि वर्षभरात, १७७४ च्या डिसेंबरात, त्याच कंपनीच्या फौजेनं ठाण्याचा किल्ला घेतला. आमचं कोठार गेलं.

हे म्हणे, चहाची भरपाई काढली आपल्याकडनं. मी म्हटलं, उगाच काहीतरी जुळवू नका. मुंबईच्या इंग्रजांचा साष्टीवर, म्हणजे आपलं ठाणं ज्या बेटावर त्याच्यावर, डोळा आधीपासनं. त्यात राघोबादादा मदत मागत दारात उभे, आणि पोर्तुगीज आपली जुनी जागा परत घेतील ही धास्ती. मग कशाला थांबतील?

पुढचं ऐका. माळ्यावरच्या ट्रंकेत एक मोडी कागद निघाला. शके १६९८ चा, म्हणजे १७७६. मूळपुरुषांचा अर्ज, थकलेल्या पगाराचा! किल्ला जायच्या आधीचा पगार, तो मागतायत पुण्यात येऊन. कागद कसरीनं खाल्लाय, आणि खायचा तर नेमका रकमेचा आकडाच खाल्लाय मेलीनं. चार महिने एवढं मात्र स्वच्छ वाचता येतं.

त्याच वर्षी मार्चात पुरंदरचा तह झाला, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जुलैत अमेरिकेनं त्याच इंग्रजांना सांगितलं, आम्ही आता तुमचे नाही. १७८२ ला सालबाईचा तह झाला, तेव्हाही साष्टी परत आली नाही ती नाहीच. आणि तो कॉर्नवॉलिस? १७८१ ला तिकडे यॉर्कटाउनला सगळी फौज घेऊन शरण गेला, तो १७८६ त इकडे गव्हर्नर-जनरल होऊन हजर! हरून आला त्याला एवढं मोठं पद, आणि आमच्या कारकुनाला चार महिन्यांचा पगार मिळेना.

मला तर बाई तो अर्ज वाचल्यापासनं मूळपुरुष आपले वाटायला लागलेत. सरदार असते तर कधी वाटले नसते. ह्यांचं मात्र अजून जमत नाही.

रविवारी जाऊबाई यायच्यात. त्यांना अजून घोडाच माहीत आहे. तुम्ही काही बोलू नका हं.