पत्ता बदलला आहे

२००१च्या विंडोज एक्सपीत आपला सगळा संसार 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाच्या फोल्डरमध्ये होता. नावात दोन मोकळ्या जागा, त्यामुळे अवतरणचिन्हं विसरणारे प्रोग्राम पहिल्याच जागेत ठेचकाळायचे. २००७मध्ये व्हिस्टा आली आणि बिऱ्हाड 'यूजर्स'मध्ये हललं. जुन्या दारावरची पाटी मात्र तशीच ठेवली. जुना प्रोग्राम त्या दारात आला की त्याला गुपचूप नव्या घरी पोचवतात. माणसाने तेच दार उघडून आत डोकावायचं म्हटलं, तर 'प्रवेश नाकारला'. अॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी!

पण खरी करामत ६४ बिटांची. त्या विंडोजमध्ये ६४ बिटांच्या फायली 'सिस्टम३२'मध्ये राहतात आणि ३२ बिटांच्या 'सिसवाव६४'मध्ये. नाही, छापताना उलटसुलट झालेलं नाही. हजारो प्रोग्रामांनी 'सिस्टम३२' हा पत्ता आपल्या कोडमध्ये कोरून ठेवला होता. तो बदलला असता तर त्यांची ६४ बिटांची आवृत्ती काढताना सगळेच अडले असते. म्हणून ३२ बिटांचा प्रोग्राम 'सिस्टम३२' मागतो, त्याला 'सिसवाव६४' दाखवतात, आणि तो बिचारा समाधानाने काम करतो. सरकारी खात्यालाही इतकं जमलेलं नाही.

उपाय व्हिस्टाच्या आधीपासून आहे: पत्ता लिहून ठेवू नये, '%अॅपडेटा%' म्हणून विचारावा. एक्सपी आपला सांगते, व्हिस्टा आपला. पण विचारणं कमीपणाचं वाटणारे अनुभवी लोक अजूनही सगळं थेट 'सी'च्या मुळाशी नेऊन टाकतात.