गडग्यावरची गजाल

"कालच्या भजनाच्या डबलबारीत त्या बुवान काय केल्यान, आयकलंस? गजराक सिनेमाची चाल लावल्यान! देवाच्या दारात!"

काकींचा आवाज गडगा ओलांडून माझ्या पडवीपर्यंत आला. पलीकडे शेजारच्या वैनी सुपारी सोलत होत्या.

"काकी, उगाच तापतास. आमचा चेडू पणजेक शिकता मां, ता नाताळाक थयल्या गायनवृंदात गातला. बाख म्हणून जर्मन होतो, तेचा गाणा. तेची गजाल आयकशात तर बुवाच्या पाया पडशात."

"कोण ह्यो बाख?"

"लाइपझिगच्या चर्चीत गाण्याचो मास्तर. 1734 च्या नाताळाक सहा भागांचा गाणा बसवल्यान. 25 डिसेंबरपासून 6 जानेवारीपर्यंत, तेतल्या सहा दिसांक एकेक भाग."

"म्हंजे सप्ताहच."

"तसाच. सुरवातीक नगारे, मगे तुताऱ्यो, मगे सगळो कोरस उठता. आणि तो कोरस आदल्याच वर्सा पोलंडच्या राणीच्या वाढदिवसाक केलेलो! मारिया योझेफा तिचा नाव. त्या गाण्यात नगाऱ्यांका वाजूक सांगितलेला, म्हणान नगारे पयले. नाताळाक शब्द बदलल्यान, नगारे थयच रवले."

"राणीची चाल देवाक?"

"बरा तर! राणीचा गाणा एकदा वाजला की संपला. नाताळ दर वर्सा येता." वैनींनी आवाज खाली आणला. "ह्येच्याहून भारी पुढे. बाळ येशूक अंगाई आसा. ती मूळची कोणाची? तेच्याच दुसऱ्या गाण्यात हर्क्युलीसाक नादाक लावूक इलेल्या बयेची! तिचोच सूर थोडो खाली उतरवल्यान आणि पाळण्याक बांधल्यान."

"अगे बाय माझे!" काकी हसल्या की दचकल्या, मला पडवीतून कळले नाही. पण हार मानतील त्या काकी कसल्या? त्यांचे यजमान मराठीचे मास्तर होते.

"नाताळाचा माका सांगू नको. इंग्लंडचो स्टीफन पाद्री 1579 त गोंयात इलो. येशूची कथा मराठीत रचल्यान, ओवीत. जवळजवळ 11,000 ओव्यो! 1616 त राशोलाक छापली. तुज्या बाखाच्या शंभरावर वर्सा आधी. आमचे मास्तर ख्रिस्तपुराण वाचूक बसले की जेवाण थंड व्हायचा."

"मगे बघा, पाद्र्यानय आमची ओवी उचलल्यान. बुवाक सोडा आता."

"कशाक सोडू? बाखान आपलीच चाल परत घेतल्यान. बुवान घेतलेली कोणाची? इचारलेल्यान काय तेका?"

"आणि स्टीफनान ओवी कोणाक इचारून घेतल्यान?"

"ओवीक कसली मालकी? ती जात्यावरची."

मुद्दा बिनतोड होता, हे मलाही मान्य करावे लागले. वैनींनी मात्र सुपारीचे साल गडग्यावर टाकले.

"पन काल त्याच चालीर तुमी मान हलवी होतास. मी बघलंय."

"झांजा बऱ्यो वाजी होत्यो, म्हणान."