तेरावं रिचार्ज

भाचीला परवा अठरा वर्षं पूर्ण झाली. मत आणि सिमकार्ड, दोन्हींचा हक्क एकदमच मिळाला. सिमकार्ड आधी घेतलं, त्याला निवडणूक जाहीर व्हावी लागत नाही.

दुकानात जाऊन 'एक महिन्याचा प्लॅन दे' म्हटलं, तर पोऱ्याने २८ दिवसांचा काढला. फेब्रुवारी सोडता असा महिना कोणत्या पंचांगात असतो, हे विचारायचं नसतं. बारा रिचार्ज केले की ३३६ दिवस भरतात. उरलेल्या २९ दिवसांसाठी तेरावं. आपला अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाला निदान अनारसे मिळतात. कंपन्यांचा दरवर्षी येतो, अनारसे त्यांनाच.

ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा ठेवायला लावलं. तो मागून बघा. महागड्या हॉटेलात नुसता चहा मागितल्यावर वेटर जसा बघतो, तसा पोऱ्या बघतो.

कंपनी कोणती, यावर घरात दोन तट पडले. कोणाच्याही जाहिरातीत रेंज अख्ख्या देशभर असते, भाचीच्या हॉस्टेलच्या जिन्याखाली असते का ते कोणी सांगत नाही. आम्ही तिथल्या मेसवाल्या मावशींना विचारलं आणि त्यांचंच ऐकलं.

पटलं नाही तर १९०० वर मेसेज करून नंबर दुसरीकडे नेता येतो, पण ९० दिवसांनंतर. तीन रिचार्ज ८४ दिवसांत संपतात. चौथं करावंच लागतं.