हलू नका!

पक्षी पाहणारा मनुष्य आपल्याशी बोलत असताना आपल्याकडे न पाहता आपल्या डोक्यावरील फांदीकडे पाहत असतो, हे वाचकांना निराळे सांगण्याचे कारण नाही. प्रत्येकाच्या परिचयात असा एक गृहस्थ असतोच, आणि माझ्या दुर्दैवाने माझा गृहस्थ माझ्याच जिन्यावर राहतो. बापूराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा कचेरीने त्यांस शाल-श्रीफळ दिले आणि त्यांनी स्वतःस, फंडाच्या पैशातून, सहाशे मिलिमीटरची लेन्स दिली. ती खांद्यावर टाकून ते जिना उतरू लागले की पेठेतील मुले 'तोफ निघाली!' म्हणून ओरडतात.

तथापि तोफेहून भयंकर म्हणजे त्यांचा उजवा तळहात. कोणत्याही स्थळी, कोणत्याही प्रसंगी तो एकाएकी वर जातो, आणि हलक्या परंतु कचेरीत कमावलेल्या आवाजात हुकूम सुटतो, 'हलू नका!' माझ्या पुतणीच्या विवाहात शेवटचे मंगलाष्टक संपून अंतरपाट दूर व्हावयाच्या ऐन क्षणी तो सुटला, तेव्हा भटजींचे हात, वराचा हार आणि सनईवाल्याचा श्वास ही तिन्ही जागच्या जागी थिजली. कारण विचारता, कार्यालयाच्या आंब्यावर हळद्या येऊन बसला होता. वधूची हळद आदल्याच दिवशी रीतसर झालेली असल्यामुळे या पुरवणी हळद्याचे कौतुक कोणास वाटले नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात चिमटा असतानाही, त्यांनी तळहात वर केल्याचे मी ऐकतो. खिडकीबाहेर तांबट होता म्हणे.

कचेरी सुटली तरी दप्तर सुटले नाही. बापूरावांची आवक-जावक नोंदवही आहे, आणि थंडीच्या प्रारंभी उतरणारे चक्रवाक आवकेत, तर उन्हाळ्याच्या तोंडी परतणारे जावकेत, अशी सर्व खेचरांची हजेरी तीत लागते. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंबांपुढे 'परमुलखी' असा शेरा आहे. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने अंडी घातल्याच्या नोंदीपुढे 'बेकायदा कब्जा. मूळ मालकास कल्पना नाही' असा आहे. सालीम अलींचे १९४१ सालचे पुस्तक तर ते जमीन महसुलाच्या कायद्यासारखे पानाच्या आकड्यासह तोंडावर फेकतात.

एका माघात त्यांच्या आग्रहास बळी पडून, पहाटे तीनला निघून, मी भिगवणनजीक कुंभारगावी उजनीच्या फुगवट्यावर नावेत बसलो. 'हलू नका,' बापूराव म्हणाले. 'सायेब, म्या हाललो न्हाई तर नाव कशी हालंल?' नावाड्याने विचारले, आणि या बिनतोड युक्तिवादास बापूरावांच्या सबंध नोकरीत प्रथमच उत्तर सापडले नाही. पुढे उथळ पाण्यात रोहित उभे होते. ज्या शेवाळातून आणि बारीक जलचरांतून पिसांना तो गुलाबी वर्ण येतो, ते चोच उलटी धरून गाळून घेण्यात सारा थवा गढला होता. बापूराव लेन्स रोखून प्रकाशाची वाट पाहत बसले. अर्धा तास गेला. माझ्या नाकावर एक डास मुकाम ठोकून होता. तो मी सोसला, त्याचे कुटुंब सोसले, आणि अखेर शिंकलो. थवा उठला, मिटल्या पंखांत दडलेला अग्निवर्ण आकाशभर उलगडला, आणि तो देखावा नावेतील सर्वांनी पाहिला. एकट्या बापूरावांनी पाहिला नाही, कारण ते माझ्याकडे पाहत होते. नोंदवहीत आहे : 'रोहित, अंदाजे २००. जावक ७ वाजून १० मिनिटे. कारण : शिंक.' खाली माझे नाव आणि सहीसाठी मोकळी जागा. सही मी अद्याप केलेली नाही.

गेल्या फाल्गुनात माझ्याच गॅलरीतील कपड्यांच्या तारेला शिंजिराच्या मादीने कोळ्याची जाळी आणि काडीकचरा गुंफून घरटे टांगले. आता तोफ येणार, या भयाने मी दार लावून घेतले. बापूराव आले ते रिकाम्या हातांनी. 'घरट्याचे फोटो काढायचे नसतात. आई बुजते, आणि आपण कुठे पाहतो ते कावळा पाहत असतो,' एवढे बोलून त्यांनी महिनाभर तारेवर वाळत घालण्याची मनाई केली. माझ्या सांगण्यावरून या घरातला पंचादेखील कधी जागचा हललेला नाही. त्यांच्या सांगण्यावरून पत्नीने धुणे गच्चीवर नेले, आणि कबूल करणे जड जाते, पण मीही बादली उचलली.

एका सकाळी नर तारेच्या टोकाशी येऊन बसला. अंगावर ऊन पडताच तो काळा जीव निळा-जांभळा पेटला; चोच उघडी, गळा थरथरत होता. बापूराव बराच वेळ टक लावून होते.

'बोलतोय का हो तो?' त्यांनी विचारले.

'बोलतोय की.'

'कसा?'

बारीक सूर कानाला आधी पारखे होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शिंजीर कसा बोलतो, हेही ठाऊक नव्हते. वीस वर्षांच्या शेजारात मी केवळ हललो नव्हतो, ऐकले कधीच नव्हते. मी कान दिला, ओठ आवळले आणि या वयात, भर गॅलरीत, 'ची-विट, ची-विट' असा आवाज काढला.

'जरा मोठ्याने,' बापूराव म्हणाले.

मी मोठ्याने काढला. समोरच्या वाड्यातील दोन खिडक्या उघडल्या. इतक्यात महिन्याचा हिशेब घेऊन दूधवाला दारात आला, आणि त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडतो न पडतो तोच बापूरावांचा तळहात वर गेला.

'हं,' ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'पुन्हा.'